जी आधी उठेल तिचं कडवं

साठ सालाच्या आसपास वडिलांनी वकिली अमरावतीहून अकोल्याला हलवली. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, त्यामुळे भुलाबाईची गाणी मला येत नव्हती. तरी आईने गल्लीतल्या मुलींबरोबर पाठवलं. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी टिपऱ्यांवर गाणी व्हायची. शेवटी झाकलेला डबा हलवून आतली खिरापत ओळखायची. दिवेलागणीला घरी यायचं, हा वडिलांचा नियम. म्हणून सगळ्यांच्या आधी मीच उठायची.

एकदा वडील कोर्टाच्या कामाने अमरावतीला गेले आणि मी थांबले. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी पहिली उठली. तिचं तेल्हाऱ्याला ठरलेलं लग्न मोडून मुलाने संत्र्यांच्या बागांतली, मोर्शीची मुलगी केली होती; आमच्याकडे नुसता कापूस. तिच्या चपलांचा आवाज लांब गेला आणि टिपऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

तेल्हाऱ्याचा नवरदेव मोर्शीले गेला,
संत्रं पाहून भुलला, कापूस इसरला.

सगळ्या हसल्या. शिंप्याची थोरली लेक आमची म्होरकी. तिने मला रीत समजावली. तोंडावर कोणाला काही म्हणायचं नाही, ते बरं दिसत नाही. उठून गेली की म्हणायचं. या मुली इतका वेळ का बसून राहतात, ते मला तेव्हा कळलं. आणि रोज आधी उठणारी तर मीच होते.

त्यानंतर मी प्रत्येकीचं तोंड निरखू लागले. खिरापत लवकर हातावर ठेवली की वाटायचं, मला घालवायची घाई आहे. कोणी 'उद्या येशील ना' म्हटलं, तर ते उद्याच्या कडव्यासाठी. माझे शाळेचे मोजे, माझं बोलणं, वडिलांचा नियम, यातलं कडव्यात काय घेतलं असेल याचा मी अंथरुणात विचार करायची. गल्लीत वळताना मागून हसणं आलं की पाय उचलून चालायची.

आमच्या घरची पाळी आली. आईने करंज्या केल्या होत्या. आज मला उठून जायचं नव्हतं. डबा ओळखून झाल्यावर मी म्होरकीला हळूच विचारलं, "माझ्यावर काय गाता?"

"तुह्यावर काईच नाई."

"का?"

"कडवं जुळवायले मानूस माईत पाह्यजे न बाई. तू त कोनाशी बोलतच नाई. का गावं तुह्यावर?"

ती करंजी खात राहिली. मला ते पटलं नाही. तोंडावर बोलायचं नाही ही त्यांचीच रीत. मग माझ्याच घरात ती खरं कशाला सांगेल?

दुसऱ्या दिवशी गाण्यांतून मी नेहमीसारखी आधी उठले, पण गल्लीच्या वळणावर कडुलिंबाआड थांबले. थोडा वेळ नुसती कुजबुज. मग टिपऱ्या वाजल्या.

सायबाच्या शाळेची सायबीण आली,
'माझ्यावर काय गाता?' पुसून गेली.

'माझ्यावर' म्होरकीने अगदी माझ्यासारखं उच्चारलं होतं. राग आला. मग लक्षात आलं, हे मी कालच विचारलं होतं. म्हणजे त्याआधी खरोखरच माझ्यावर काही नव्हतं. इतके दिवस त्या माझ्यामागे कोणाला हसत होत्या, देव जाणे.

आत पुढची ओळ जुळवायचं चाललं होतं. कोणीतरी मोजे सुचवले. ती ओळ ऐकायची म्हणून मी तिथेच उभी राहिले. घरी पोचले तेव्हा दिवा लागलेला होता आणि वडील ओसरीवर उभे होते.