कावळ्यांची दोरी आणि सूर्याचा ताप

डबा दोरीतून सुटला, कठड्यावर उन्हात ठेवलेल्या बरणीवर आदळला आणि वर्षभराचं लोणचं गच्चीभर झालं. मोबाइलच्या पडद्यावरून कॉलेजचे तीन परीक्षक बघत होते. नातीला मास्तरकीची नोकरी द्यायची की नाही, ते या पाठावर ठरणार होतं.

पाठ गच्चीवर, कारण घरात नेटवर्क येत नाही. मी गच्चीवर, कारण मे महिना होता आणि बाजेवर कुरडया वाळत होत्या. कुरडया आल्या की कावळे आलेच. म्हणून मी बाजेवरून दोरी ताणते, पलीकडच्या टोकाला खिळे भरलेला डबा बांधते आणि जिन्याच्या सावलीत बसून हिसके देते. डबा तिकडे वाजतो, कावळे पळतात.

नात सूर्याचा अभ्यास करते. चुलीपासून दूर गेलं की धग कमी होते. सूर्याचं उलटं आहे म्हणे. त्याच्या अंगापेक्षा त्याच्यावरची हवा कितीतरी पट तापलेली. ते का, हे ती आठवडाभर मला समजावत होती आणि मी झोपत होते. त्या दिवशी एका परीक्षकानेही जांभई दिली. नातीने ती पाहिली. बोलणं तोडून तिने माझ्या हातातली दोरी ओढून घेतली आणि सगळा राग त्या हिसक्यात काढला.

मी ओरडले, "अवं भवाने, हिसका इथं दिला अन् फुटलं तिथं काहून?"

"तेच तर सांगून राहिली ना आजी!" परीक्षकांना विसरून ती माझ्यावरच खेकसली. "सूर्यातून चुंबकाच्या अशाच दोऱ्या वर निघतात. खाली खदखदते, दोऱ्यांले हिसके बसतात. लाट वर जाते अन् तिथं फुटते. खालची ताकद वर सांडते, म्हणून वरचा वायू तापते. प्लाझ्मा म्हणतात त्याले!"

"मंग असं आधी काहून नाही सांगितलं?"

"तू घोरून राहिली होती!"

परीक्षक हसत होते. जांभईवाल्याने विचारलं, "हे पक्कं ठरलंय का?"

नात भानावर आली. "लाटा दिसल्यात, सर. पण सगळा ताप त्यांचाच का, यावर अजून भांडण चालू आहे."

"आणि लोणचं कशाचं होतं?"

"कैरीचं," मीच सांगितलं.

नोकरी मिळाली. बरणी गेली, निम्म्या कुरडया तेलात भिजल्या. त्या सकाळी गच्चीवरून धडधाकट सुटलो ते नात, मी आणि झाडून सगळे कावळे.