माळ्यावरची कोरी जोडी

मी रस्त्याच्या कडेला चारीत पडले होते. तोंडात माती होती. घड्याळ मी उजव्या हातात बांधते आणि तोच हात हलत होता, म्हणून वेळ पाहिली. अकरा वाजून बावन्न मिनिटं. मोटरसायकल रस्त्यावर आडवी पडली होती. इंजिन चालू होतं, मागचं चाक फिरत होतं. पुढच्या चाकाचा टायर फाटक्या चपलेसारखा रिमला लोंबत होता.

दामजी माझ्यापासून दहा पावलांवर, सागाच्या बुंध्याशी पडला होता. हेल्मेट डोक्यात होतं. रक्त दिसत नव्हतं. रक्त दिसत नाही म्हणून मला बरं वाटलं. ती माझी समजायची चूक.

"दामजी, रिपोर्ट दे."

"बाई, गाडी बंद करा," तो म्हणाला. "पेट्रोल जाई ऱ्हायनं."

माझा डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. मी रांगत गेले आणि चावी फिरवली. इतकी वर्षं त्याला हुकूम मी दिले. हा एक त्याने मला दिला.

मी होमगार्डमध्ये होते. एकतीस वर्षं. शेवटची अकरा वर्षं प्लाटून सार्जंट. फौजेतले लोक आम्हाला सैनिक धरत नाहीत. माझा नवरा फौजेत ड्रायव्हर होता, लान्स नाईक होऊन घरी आला. तो आम्हाला 'गणपती बटालियन' म्हणायचा. सणाला बोलावतात, सण संपला की घरी पाठवतात. चौथी शिकलेल्या बाईला दुसरं कोण वर्दी देणार होतं? मी ती घेतली आणि नीट घातली.

सार्जंट असताना कंपनीचं स्टोअर माझ्याकडे होतं. टोप्या, बूट, काठ्या, ताडपत्र्या, शिट्ट्या. स्टोअरच्या रजिस्टरला वस्तूच्या तीनच जाती: नवी, चालणारी, बाद. जी वस्तू कोणाला दिलीच नाही ती नवी. मग ती पेटीत वर्षभर पडलेली असो की बारा वर्षं. बारा वर्षांपूर्वीच्या खाकी शर्टांचा गठ्ठा मी एकदा फोडला होता. घड्या पिवळ्या पडल्या होत्या. मी लिहिलं, नवे. बरोबरच होतं ते. शर्ट अंगावर फुटत नाही.

दामजी वसावे माझ्या प्लाटूनमध्ये होता. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला. घरी भिली बोलायचा, माझ्याशी अहिराणी. मी ड्यूटीवर त्याला शाळेतल्या मराठीत उत्तर द्यायची, कारण आपल्या भाषेत दिलेला हुकूम पोरांना गप्पा वाटतो. ड्यूटी नसेल तेव्हा मीही अहिराणीच. त्याच्याकडे दीडशे सीसीची जुनी मोटरसायकल होती. डोंगरातल्या बंदोबस्ताला मोटरसायकलवाला माणूस लागतो, म्हणून त्याला सगळीकडे बोलावणं असे.

त्या वर्षी त्याचा मुलगा फौजेत भरती झाला. ट्रेनिंग जबलपूरला. ट्रेनिंग संपलं की शपथेची कसम परेड होते, तिला आईबापांना बोलावतात. दामजीने ठरवलं की बायकोला मागे बसवून मोटरसायकलवरच जायचं. जाऊन-येऊन दीड हजार किलोमीटर. रेल्वे आहे की, मी म्हटलं. तो म्हणाला, "पोऱ्यानी देखाले पाहिजे, बाप कसा उना."

त्याचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते. त्याला लांबच्या प्रवासाला चालतील असे टायर हवे होते, स्वस्त आणि नंतरही चार वर्षं डोंगरात टिकतील असे. वस्तू पारखायला तो मला घेऊन गेला. अक्कलकुव्याला हायवेवर दुकान होतं. दुकानदार तिशीचा, बोलका.

"कोठे जावानं शे, दादा?"

"जबलपूर."

"बाप रे! मंग परत येवासाठे बी टायर लागी ना?"

त्याने तीन जोड्या पुढे टाकल्या. पहिली रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चिकटवलेली. सगळ्यात स्वस्त. ती मी पायानेच बाजूला सारली. दुसरी मऊ रबराची. रस्ता चांगला धरते, पण लवकर झिजते. तिसरी लांबच्या प्रवासाची. मधला पट्टा कडक, म्हणून जास्त किलोमीटर चालतो. कडा मऊ, म्हणून वळणावर घसरत नाही. पाणी निघून जावं म्हणून मधून सलग खाच. दुकानदार म्हणाला, दादांना हीच घ्या. त्याचं बरोबर होतं. किंमत दामजीच्या बंदोबस्ताच्या नऊ दिवसांची होती. दामजी टायरवर हात फिरवत राहिला. घेणार होता.

मी म्हटलं, "थांब. मन्हा घर कोरी जोडी पडेल शे."

होतीच. माझ्या नवऱ्याने घेतली होती. त्याला मोटरसायकलवर द्वारकेला जायचं होतं. जोडी आणली आणि महिन्याभरात त्याच्या पोटात गाठ निघाली. तो गेला. गाडी मी विकली, जोडी राहिली. म्हसावदच्या घरात पत्र्याखालच्या माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून. साईज तीच. नक्षी तशीच, सलग खाचेची. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते सगळे शाबूत होते. मी नख दाबून पाहिलं. वाटलं, कडक आहे, म्हणजे टिकेल.

पुढच्या आठवड्यात जोडी एसटीत टाकून मी अक्कलकुव्याला नेली. दामजीकडून पैसे घेतले नाहीत. त्याने माझ्यासाठी डोंगरातल्या मोहाच्या फुलांची पिशवी आणली होती.

दुकानदाराने टायर उलटा केला आणि बाजूवरचे चार आकडे वाचले.

"मावशी, हाऊ टायर जुना शे. नऊ वरीस व्हई ग्यात."

"एक किलोमीटर बी चालेल नही. त्याना केस देख."

"केस नका देखा, आकडा देखा. पहिला दोन आठवडाना, मांगला दोन सालना. रबर बैलसारखा ऱ्हास. काम नही करं तरी म्हतारा व्हस."

"मी बी म्हतारी शे. आजून परेड करस."

दामजी हसला. दुकानदार हसला नाही.

"तुन्हा माल गया नही, म्हणीसन मन्हा माल म्हतारा," मी म्हटलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

दुकानदाराने हात झटकले. "दादा, गाडी तुन्ही शे. तू सांग."

दामजी म्हणाला, "सार्जंटबाईनी पास करं. आते मी काय सांगू?"

"चढव," मी म्हटलं.

दुकानदाराने टायर चढवले. मजुरी घेतली नाही. का, ते मला त्या वेळी कळलं नाही.

कसम परेडच्या आधी लोकसभेचं मतदान आलं. आमचं केंद्र डोंगरावरच्या शाळेत होतं. तिथे मोबाईल लागत नाही. असं केंद्र असलं की रनर देतात. दर दोन तासांनी किती मतदान झालं तो आकडा कागदावर लिहायचा आणि रनरने तो चौदा किलोमीटर खाली वायरलेसपर्यंत न्यायचा. आमचा रनर दामजी. मी बायकांच्या रांगेला.

पाच वाजता हजेरी. सात वाजता मतदान सुरू. नऊला दामजी पहिला आकडा घेऊन खाली गेला, दहा पस्तीसला परत आला. सोबत माझ्यासाठी चिठ्ठी होती. खालच्या केंद्रावरच्या होमगार्ड बाईला ऊन लागलं होतं, मी अकराच्या रनरबरोबर खाली उतरून तिची जागा घ्यायची. अकराचा आकडा तयार व्हायला अकरा वीस झाले. केंद्राध्यक्ष शाळामास्तर होते. त्यांनी चिठ्ठी दामजीच्या खिशात स्वतः घातली आणि वर बटण लावलं.

अकरा पंचवीसला निघालो. वैशाखाचं ऊन. डांबर मऊ झालं होतं, चाकाखाली चरचरत होतं. दामजी गाडी सावकाश चालवत होता. हे मी साक्षीसारखं सांगते. चाळीसच्या वर काटा गेला नाही.

"पोऱ्याले फोन लागना व्हता," तो मान न वळवता म्हणाला. "सांगस, बूट आजून चावतस."

"नवे बूट चावतातच," मी म्हटलं.

मग आवाज झाला.

गाडी बंद केल्यावर मी टायरपाशीच पडून राहिले. उन्हात तो मला नीट दिसला. नक्षीच्या खाचांमध्ये बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. अंगठा दाबला तर रबराचा चुरा हाताला आला. बाजूवर चार आकडे होते. मी ते वाचले. चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरते. दुकानदाराने सांगितलं तेच साल होतं.

मग रांगत दामजीपाशी गेले. बाटलीत पाणी होतं, ते त्याच्या ओठाला लावलं. त्याचा श्वास आखूड झाला होता. हेल्मेट काढलं नाही. काढू नये असं शिकवलं होतं. शिट्टी वाजवली. तीन लांब, थांबून तीन लांब. रस्ता मोकळा होता. सगळी माणसं मतदानाला.

बाराच्या सुमारास त्याने विचारलं, "कोणता फुटना?"

"पुढचा."

"नवा व्हता ना, बाई?"

मी त्याच्याकडे पाहिलं. टायरचा चुरा माझ्या अंगठ्याला होता.

"नवाच व्हता," मी म्हटलं.

"मंग मन्हीच चूक," तो म्हणाला. "काल हवा जास्ती भराई गई."

खरं सांगायला अर्धा तास होता. मी घड्याळ पाहत होते.

बारा एकतीसला त्याचा श्वास थांबला.

रनर का आला नाही हे पाहायला खालून जीप निघाली होती. ती बारा चाळीसला आली. जीपमध्ये पोलीस हवालदार आणि ड्रायव्हर. हवालदाराने लांबूनच पाहिलं आणि वायरलेस उचलला.

"कंट्रोल, जीप सात. रनरला अपघात. दोन जखमी, एक सिरियस. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"एक जखमी, एक मयत," मी म्हटलं. "दुरुस्त करा."

त्याने दुरुस्त केलं. पलीकडून थोडा वेळ खरखर आली.

"जीप सात, रॉजर. ॲम्ब्युलन्स निघाली. अकराचा आकडा मिळाला का? ओव्हर."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. विचारायची त्याला लाज वाटत होती. मी दामजीच्या खिशाचं बटण काढलं. चिठ्ठी कोरडी होती. पुरुष, स्त्रिया, एकूण. मी मोठ्याने वाचलं. एकूण दोनदा वाचलं, तसा नियम आहे. त्या दिवसाचं आमचं काम त्यासाठी होतं आणि ते पोचलं.

पंचनाम्यात लिहिलं, टायर फुटून अपघात. टायर कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही वर्दीची शिस्त, असं मी दवाखान्यात स्वतःला सांगत होते. शिस्तीचा त्याच्याशी संबंध नव्हता. मी भ्यायले होते.

मुलगा सात दिवसांच्या रजेवर आला, अग्नी देऊन परत गेला. कसम परेडला त्याच्या घरून कोणी गेलं नाही.

पाय जुळल्यावर मी दामजीच्या घरी गेले. पावसाळा संपत आला होता. त्याची बायको सेवली नाचणीच्या शेतात होती. बांधावर बसून मी तिला सगळं सांगितलं. दुकान, आकडा, आणि शेवटी त्याने काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते. तिने हातातला विळा खाली ठेवला नाही. ऐकून झाल्यावर घरात गेली आणि मागचा टायर घेऊन आली. गाडी भंगारात देताना तिने तो काढून ठेवला होता, नवा आहे म्हणून. तो तिने माझ्या पायाशी ठेवला आणि भिलीत बोलली. मला भिली थोडी समजते. तुझं आहे, घेऊन जा, आणि परत येऊ नको. एवढंच. मी परत गेले नाही.

टायर माझ्या घरी दारामागे आहे. बाजूचे केस अजून आहेत. निवृत्त होईपर्यंत होमगार्डची नवी पोरं आली की मी तो मैदानात नेऊन दाखवत असे. हे ऐकणाऱ्या मोटरसायकलवाल्यांनो, तुम्हालाही तेच सांगते, कारण तुम्ही लांब फिरता आणि पैसे वाचवू पाहता. वाचवा. लांबच्या गाडीला मध्ये कडक रबराचा टायर घ्या, महाग वाटला तरी टिकतो. पण आधी खाली बसा आणि चार आकडे वाचा. पाच वर्षांच्या वर असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. माळ्यावर जपून ठेवलेला तर नाहीच. आणि दुकानदार काही सांगत असेल तर तोंड बंद ठेवून ऐका. पोरं आकडे वाचायला शिकली. टायर कुठून आला, हे मी त्यांनाही कधी सांगितलं नाही.

दामजीला चूक आपली वाटली. ते मला आता दुरुस्त करता येत नाही. वायरलेस नाही, पलीकडे ऐकणारा नाही.

गाडीवर दोघं होतो. होमगार्ड दामजी वसावे, वय सेहेचाळीस, रस्त्यावर गेला. मी जगले.