लॉनवरच्या वहाणा

माझ्या घोंगड्यावर त्यानं बूट पुसला. आधी उजवा, मग डावा. टाच घासली, चवडा घासला, आन लॉनकडं बघत म्हनला, "वा. कार्पेटच घातलंय की."

माझ्याकडं बघितलं न्हाई. मी फाटकापाशी उभा होतो. हात जोडलेले, पाय अनवाणी.

सांगलीत विश्रामबागेत एका बंगल्यावर मी माळीकाम करत होतो. मालकाचं नाव घेत न्हाई. नाव घेऊन त्याला मोठा कशाला करू. मी म्हसवडकडचा. जलम मेंढरांमागं गेला. चरायला रान उरलं न्हाई तवा मेंढरं इकली. लेक म्हनला, "आबा, आता घरात बसून खावा." मी म्हनलो, "हात चालत्यात तवर तुझ्या चुलीचं खाणार न्हाई." लय ताठ्यानं म्हनलो, भावकीच्या देखत. म्हणून ही नोकरी मला सोडता येत नव्हती. सोडली का त्याच दारात मान खाली घालून जायचं.

बंगल्यापुढं नवं लॉन घातलेलं. गवताच्या चटया टेम्पोतनं आल्या, लाल मातीवर एकीला एक भिडवून अंथरल्या. मुळं धरूस्तवर त्या गवताला लेकरागत जपायला लागतं. उन्ह चढायच्या आत पाणी, उतरल्यावर पाणी. दोन चटयांच्या जोडात बारीक माती भरायची, न्हाईतर कडा वाळून वर उचलत्यात. लव्हाळा दिसला का मुळासकट काढायचा. आन वर पाय द्यायचा न्हाई. फळी टाकायची, फळीवर गुडघे टेकायचे.

बाईसायब म्हनल्या, "मामा, त्या वहाणा फाटकाबाहेर ठेवा. लॉनला भोकं पडतील." माझ्या वहाणा नाल मारलेल्या, डोंगरात चालायच्या. मला पटलं. कवळं गवत हाय. काढल्या. मग लॉन बाजूलाच राहिलं. फरशीवर चालायचं तरी वहाणा बाहेर, मागं खोलीवर जायचं तरी बाहेर. चैत्रात फरशी तापायची, तळपाय भाजायचे. मालकाचं कुत्रं लॉनवर लोळायचं, खड्डे उकरायचं. त्याला कुणी काय म्हनत नव्हतं. मी खड्डे बुजवायचो. चाऱ्यावाचून माझी मेंढरं गेली, आन मी राखत होतो कुठल्याच जनावरानं खायाचं न्हाई आसं गवत.

मग लॉन बघायला पाहुणे बोलावले. मी सकाळी पाणी सोडलेलं, फाटकापुढं चिखल झालेला. बाईसायब म्हनल्या, "मामा, फाटकापाशी काहीतरी अंथरा. पाहुणे येतायत."

आमच्यात पाहुणा आला का घोंगडं अंथरत्यात. घरात गादी आसली तरी घोंगडं. लगीन लागतं घोंगड्यावर, देव बसवायचा घोंगड्यावर. मी खोलीतनं माझं घोंगडं काढलं. आमच्या शेवटच्या मेंढरांची लोकर. बायकोनं कातलेली, म्हसवडच्या सणगरानं विणलेली. ती गेली, मेंढरं गेली, एवढं राहिलं. झटकलं, फाटकाच्या आत सावलीला अंथरलं, कोपरे सरळ केले. पाहुणे बसतील, मी पाणी देईन. हात जोडून उभा राहिलो.

आन पहिल्याच पाहुण्यानं बूट पुसला. मागनं आलेल्यानंही पुसला. एका बाईनं सँडल घासली.

मालक पाहुण्यांना घ्यायला पुढं आलेला. मी म्हनलो, "सायब, हे बसायचं हाय. पुसायचं न्हाई."

तो हसला. "बसायला खुर्च्या आहेत की मामा." आन पाहुण्यांकडं वळला. "पुसा, पुसा. धनगरी गालिचा आहे. लॉनला चिखल नको." आन सोताचा बूट घोंगड्यावर घासला. सगळी हसली.

त्याला ठावं नव्हतं आसं कुणी म्हनू नका. मी सांगितलं, त्याच्यानंतर त्यानं पुसला.

मग सगळी लॉनवर गेली. बूट घालून. त्या बाईच्या सँडलची टाच खिळ्याएवढी. ती गवतात रुतत होती, निघत होती. मी बघत राहिलो. माझ्या नालेनं भोकं पडत होती, तिच्या टाचेनं पडत नव्हती. म्हणजे गवताचं कधी काय नव्हतंच. माझ्या पायाचं होतं.

मी फाटकाबाहेर गेलो. वहाणा घातल्या. आत आलो आन लॉनच्या मधनं मालकाकडं चालत सुटलो. सकाळचं पाणी मुरलेलं, गवत मऊ. प्रत्येक पावलाला नाल खाली जात होती. लपवत न्हाई, मुद्दाम जोर देऊन चाललो.

मालक वरडला, "ए, ए! चप्पल!"

"वहाणा म्हनत्यात त्याला."

"डोकं फिरलं का तुझं?"

इतके दिवस मी मामा होतो. आहो-जाहो होतं. वहाणा पायात आल्या आन मी 'तू' झालो.

"खोलीची किल्ली द्यायची हाय," मी म्हनलो. "हात पुढं करा."

तो हात पुढं करंना. मीही हलंना. पाहुणे बघाय लागले, तवा त्यानं हात पुढं केला.

फाटकापाशी एकजण अजून घोंगड्यावर उभा होता, मोबाईलवर बोलत. मी वाकलो न्हाई. "पाय उचला," म्हनलो. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या वहाणांकडं बघितलं. उतरला. मी घोंगडं खांद्यावर टाकलं आन स्टँडवर चालत गेलो.

लेकानं दारात इचारलं, "आबा, न सांगता कसं काय आलासा?"

"वहाणा घालून आलो," म्हनलो. त्याला काय कळलं न्हाई. त्याच्या चुलीचं खाल्लं त्या सांजंला. भावकी हसली माझ्या शबुदाला. हसू दे. पोट हाय, भरलं. मान खाली घातली न्हाई.

घोंगडं अजून धुतलेलं न्हाई. बुटाचा चिखल वाळून बसलाय, बसू दे. हात अजून चालत्यात, मी परत कामाला जाणार हाय. गवताच्याच कामाला, खांद्यावर हेच घोंगडं घेऊन. 'वहाणा काढ' म्हननाऱ्याला आधी इचारणार, तुझे बूट कुठं हायत. त्यानं काढले तर मी काढीन. त्यानं न्हाई काढले, तर त्याच्या गवताच्या मधनं चालत त्याच्यापुढं उभा राहीन.