शेवटच्या तीन पायऱ्या

इकडे हिंदी मुलखात, आमच्या माधवगंजातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक जुनं शोकांत नाटक दर दोन-तीन वर्षांनी होतंच. भाऊबंदांना दगा देऊन गादी बळकावलेला जुलमी राजा शेवटी एकटा उरतो आणि सिंहासनाच्या तीन पायऱ्यांवरून कोसळून मरतो. तो राजा मी करायचो.

यंदा मंडळानं तो माझ्या धाकट्या भावाला दिला. कारण काय, तर माझे गुडघे गेले. गेले हे खरं, पण संवाद काय गुडघ्यांनी म्हणतात? भाऊ दिवसभर बँकेत हिंदी बोलणारा, घरीसुद्धा अर्ध्या वाक्यात रूळ बदलणारा. फलकावर त्याचं नाव बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायको म्हणाली, राज्य घरातच राहिलं ना. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

वर त्याची तालीम घ्यायचं काम माझ्याच गळ्यात. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "दादा, वो मरने वाला सीन तूच शिकव. बाकी मैं देख लूँगा."

शिकवला. नजर कुठे ठेवायची, श्वास कधी सोडायचा, आधी गुडघा टेकायचा, मग खांदा. एकच गोष्ट सांगितली नाही. पायरीवर वळण्याआधी राजाचा लांब झगा डाव्या हातानं उचलून धरायचा असतो. तालमी तो पँटवरच करत होता, झगा थेट प्रयोगालाच अंगावर येणार होता. मी विसरलो नव्हतो. लोकांनी त्याला एकदा हसावं, एवढंच मला हवं होतं.

प्रयोगात पहिल्याच पायरीवर झगा पायात आला. तो गडगडत खाली आला, मुकुट घरंगळत पार प्रेक्षकांत गेला. विंगेत उभा राहून मी हशाची वाट बघत होतो. कुणीच हसलं नाही. त्यानं उठायचा प्रयत्न केला, पण उठता येईना. मग पडल्या पडल्याच त्यानं शेवटचे संवाद म्हटले, स्वच्छ मराठीत. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या, त्यात माझी बायकोही होती. त्या वेळी मला त्याच्या पायाची काळजी वाटायला हवी होती. वाटला तो नुसता मत्सर.

पडदा पडल्यावर त्याच्या सुजलेल्या घोट्यावर बर्फ धरून मी बसलो.

"दादा, तुझ्यासारखा पडलो ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी इतक्या वर्षांत एकदाही खरा पडलो नाही. झगा उचलून धरायचो. तुला ते मुद्दाम सांगितलं नाही."

 त्यानं माझा हात बाजूला केला आणि बर्फ स्वतःच धरला.