गांबियाच्या गोट्या आणि आमचे दोन डबे

मैत्रिणींनो, आज दुपारी वर्गप्रतिनिधीची निवडणूक माझ्याच सूचनेप्रमाणे झाली, म्हणून हे भित्तिपत्रकावर लिहीत आहे.

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात मतपत्रिका नसते. मतदार आडोशाला जाऊन आपल्या उमेदवाराच्या पिंपात एक गोटी टाकतो. आत घंटा वाजते ती बाहेर ऐकू येते, त्यामुळे कुणाला दोनदा मत देता येत नाही. सरांना ही पद्धत आवडली.

"गोट्या खेळायला आलोय व्हय हितं?" मागून कुणीतरी ओरडले.

शेजारची मैत्रीण मात्र माझ्या कानात म्हणाली, "तूच येणार की गं! आमी हाय न्हवं."

चादरीच्या आडोशाला दोन डबे ठेवले. माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या सुहासचा पत्र्याचा, माझा पितळेचा. गांबियात सगळ्या पिंपांचा आवाज एकसारखाच असतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नाही. प्रत्येक मत कुठल्या डब्यात पडले, ते बाकावर बसल्या बसल्या ऐकू येत होते.

मैत्रीण आत गेली. पत्रा वाजला. बाहेर येऊन ती माझ्याकडे पाहून हसली.

सुहास निवडून आला. मला राग आला नाही. काहीच वाटले नाही. मत गुप्त ठेवतात ते देणाऱ्यासाठी, असे मी समजत होते. ते हरणाऱ्यासाठीही असावे.

तू हे वाचत असशील, तर उद्या माझ्या शेजारीच बसशील ना?