दोन अक्षरांचं नाव

माझे चुलतसासरे स्वतःचं म्हणून जे जे बोलत, त्यातलं एक अक्षरही त्यांचं नसायचं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. ऐकलेलं सगळं ते आपलं करून टाकत, आणि इतक्या जिव्हाळ्याने की मूळ मालकालाच संकोच वाटावा. अमडापूरच्या बाजारात एकाने सांगितलेला विनोद ते संध्याकाळी त्यालाच ऐकवत आणि तो हसला नाही तर समजावून सांगत. चिखलीला कुठल्याशा पुढाऱ्याच्या शोकसभेत ऐकलेलं भाषण त्यांनी गावातल्या एका म्हशींच्या व्यापाऱ्यासाठी जसंच्या तसं केलं. "देश पोरका झाला," या वाक्याला व्यापाऱ्याची म्हातारी आई हमसून रडली, तेव्हा कोणालाच हसू आलं नाही. दुसरबीडजवळ मी लहानपणी बैलगाडीतून पडलो होतो, ती हकीकत त्यांनी एका दुपारी मलाच सांगितली, स्वतःवर बेतलेली म्हणून. मी गमतीने ऐकत होतो. मग त्यांनी धोतर सरकवून गुडघा दाखवला. तिथे खरोखर व्रण होता, माझ्या व्रणासारखाच वाकडा. माझं हसू जागच्या जागी थांबलं.

आमच्याकडे सासऱ्यांना म्हणतात तसं मी त्यांना मामाजी म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. महाराष्ट्र नुकताच झाला होता, माझं लग्नही नुकतंच झालेलं, आणि त्या लग्नात मंगलाष्टकं अर्थातच त्यांनी म्हटली होती. मंगलाष्टकांसाठी त्यांचं नाव पंचक्रोशीत होतं. ते उभे राहिले की मांडवातली पोरंसुद्धा चूप होत. शेवटची ओळ ठरलेली. "दामू मागतसे सुखी भव मुली, कुर्यात् सदा मंगलम्," अशी ती मुळात होती, पण ते मला फार उशिरा कळलं. आम्ही ऐकायचो तेव्हा दामूच्या जागी मामाजींचं स्वतःचं नाव असे. दोन्ही नावं दोन-दोन अक्षरांची, त्यामुळे वृत्ताला कुठे धक्का लागला नव्हता.

दामूगुरुजी म्हणजे त्यांचा जिवलग मित्र, गावच्या शाळेतला मास्तर. तरणाताठाच विषमज्वराने गेला. त्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी, जानेफळला निघून गेली. हे मला मामींनी सांगितलं, तेही मी एकदा मामाजींच्या खोकल्यासाठी काढा करायला सुचवलं म्हणून. मामी तांदूळ निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "काढ्यानं काय होते जवाईबापू? तो खोकला याइचा नाहीच. दामूगुर्जीचा आहे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्या थांबल्या नाहीत. "पयले निस्ती गाणी घेतली. मंग हात मागं बांधून चालाले लागले. आता अंबाडीची भाजी मांगतात. माह्या लग्नात याइनंच अंबाडीचं ताट सरकवून देल्लं होतं." एवढं बोलून त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. त्यानंतर मी मामाजींकडे नीट पाहू लागलो. एकदा बाजारात परगावच्या एका म्हाताऱ्याने मागून हाक मारली, "दामू!" मामाजी वळले आणि सहज म्हणाले, "हाव, बोला." म्हातारा त्यांचं तोंड पाहून चाचरला. मामाजींना मात्र त्यात काही चुकल्याचं कळलंच नाही.

जानेफळकडचं लग्न ते कधी घेत नसत. त्या वर्षी मात्र दामूगुरुजींचा मेहुणा स्वतः अक्षत घेऊन आला. भाचीचं लग्न होतं, तेव्हा बापाच्या मित्रानेच मंगलाष्टकं म्हणावीत. नाही म्हणायला मामाजींना तोंड नव्हतं. सोबतीला मला घेतलं. एस.टी.त ते खिडकीबाहेर पाहत बसले. विनोद नाही, हकीकत नाही. फक्त खोकत राहिले.

ऐन दुपारचा मुहूर्त. मांडवाबाहेर ऊन भाजत होतं. अंतरपाट धरला गेला, मामाजींनी सुरुवात केली. आवाज नेहमीचा वाटला नाही. जरा पातळ, तरुण. शेवटची ओळ आली आणि त्यांनी स्वच्छ म्हटलं, "दामू मागतसे..."

भटजींनी मान वर केली. मेहुण्याच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. मामाजी डोळे मिटून "मंगलम्" पर्यंत गेले. आपण काय म्हटलं याचा त्यांच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. त्या काळी विधवेने अशा वेळी समोर येऊ नये असा दंडक होता. पण मुलीची आई आतल्या दारातून बाहेर आली आणि उंबरठ्यावर उभी राहिली. तिला कोणी अडवलं नाही.

अक्षता पडल्यावर तिने त्यांना ओसरीवर गाठलं. मी शेजारीच होतो.

"भाऊजी," ती म्हणाली, "मले वाटलं, तेच आले."

मामाजी खाली बसले.

"हे त्याइनं हिच्या पाळण्यापाशी बसून केलं होतं. हिच्या लग्नासाठी. तुमच्यापाशी कसं?"

"मी सोबत होतो तवा. तो म्हणे, मी पाठ करो." मामाजींचा आवाज आता त्यांचा, जाडाभरडा होता. "तो गेल्यावर एका लग्नात माहं नाव घातलं. लोकाइले आवडलं. मले बी गोड लागलं. मंग साऱ्याच लग्नाइत म्हटलं, वहिनी. तुमच्या पोरीचं होतं ते मी वाटून टाकलं."

ती म्हणाली, "माह्यापाशी त्याइचा फोटो बी नाही. अजून काय काय आहे तुमच्या गळ्यात, ते सारं म्हणून दाखवा. नावासगट."

वऱ्हाड मार्गी लागलं तरी आम्ही तिथेच राहिलो. ते म्हणत, ती मागोमाग म्हणे. विचित्र गोष्ट पुढेच आहे. एक गाणं तिच्या तोंडी बसलं की ते मामाजींना आठवेना. पहिली ओळसुद्धा नाही. अमडापूरला परतलो तेव्हा खोकला गेला होता. चार दिवसांनी त्यांनी अंबाडीचं ताट सरकवलं. मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पुढे लग्नांना बोलावणी आली तर ते जात, बसून राहत आणि जेवून परत येत. माणूस रिकामं झालेलं घर असावं तसा दिसे. माझ्या मुलीच्या बारशाला मात्र ते आपण होऊन उठले. चार ओळी म्हटल्या. यमक ओढूनताणून आणलेलं, तिसरी ओळ तर पार लंगडी. इतकं वाईट काव्य मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

"कोणाचं हो हे?" कोणीतरी विचारलं.

मान किंचित कलती करून मामाजी थांबले, मागून कोणी हक्क सांगतंय का, हे ऐकावं तसे. पाळण्याच्या दोरीची करकर तेवढी येत होती.

"माहं," ते हळूच म्हणाले. "माहंच असन."