हिंदीवालं खाली

मुलगी सात वर्षांची असताना आम्ही गावाहून दिल्लीला, कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. नवरा फौजेत. जवळच्याच द्वारका नावाच्या वस्तीत तेव्हा जिकडेतिकडे नव्या सोसायट्या उठत होत्या आणि त्यांच्याही आधी इंग्रजी शाळा. अशाच एका चकाचक शाळेत तिला घातलं. इंग्रजी तिला येत नव्हतं, हिंदीही जेमतेमच. थोड्याच दिवसांत शाळेने बोलावलं. मुलीची तपासणी करायची होती.

तपासणाऱ्या मॅडमनी तिच्या हातात पाण्याने भरलेला ग्लास दिला. शेजारी बादली होती. म्हणाल्या, "बेटा, गिलास खाली करो." पोरीने वाकून ग्लास जमिनीवर ठेवला. थेंबही सांडू दिला नाही, आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं.

मॅडमनी मान हलवली. "इतना भी नहीं समझती. आप कोई स्पेशल स्कूल देख लीजिए."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मॅडम, हमारे मराठी में खाली मतलब नीचे! बराबर तो किया उसने!"

"अच्छा!" त्या एकदम खूश झाल्या. "तो बस लैंग्वेज का प्रॉब्लम है. घर में इंग्लिश बोलिए, ठीक हो जाएगी."

घरात इंग्लिश! मला तरी कुठे येत होतं? आणि एवढ्यावर भागणारही नव्हतं. पोरगी तोंडी गोष्ट सांगायला लागली की थांबायची नाही, पण गावच्या शाळेतही, मराठीतही, 'मगर' लिहिलेलं असेल तर 'गरम' वाचायची. मी मॅडमना म्हटलं, तिला भाषा शिकवा आणि वाचायला वेगळी मदतही द्या.

"दोनों थोड़ी होता है," त्या हसल्या. "या तो ये, या वो."

का नाही होत? सर्दी झालेल्या माणसाचा पाय मुरगळत नाही का? दारात संगमरवर, पोरांना न्यायला एसी बस, आणि माझ्या लेकीजवळ अर्धा तास बसायला यांच्याकडे माणूस नव्हतं! मी पुन्हा पुन्हा जाऊन भांडले. दर वेळी एकच उत्तर, "देखते हैं." आजही हे शब्द कुणी उच्चारले तर माझं डोकं फिरतं.

हिंदी ती क्वार्टरमधल्या पोरांबरोबर खेळून शिकली. शाळेने त्याचंही श्रेय घेतलं.

वर्षअखेरीला पालकांना बोलावलं होतं. वर्गाच्या भिंतीवर मुलांचे फोटो लावले होते आणि प्रत्येक फोटोशेजारी त्या मुलाने स्वतः लिहिलेल्या चार ओळी. माझी नजर तिचा फोटो शोधत होती.

"आई, माझी जागा खाली आहे," ती म्हणाली.

मी वाकून सगळ्यात खालची रांग बघू लागले. तिने माझा पदर ओढला.

"तसं नाही गं आई. हिंदीवालं खाली."

मी वर बघितलं. तिचा फोटो अगदी माझ्या डोळ्यांसमोर होता. शेजारी काहीच नव्हतं.